नव्या एसएसडीवरील फिर्याद

मध्यप्रांताच्या अमदानीत चांदा जिल्ह्यातील गावोगावची जमाबंदीची कागदपत्रे, निस्तार-पत्रके (गावकऱ्यांच्या जंगल-वापराच्या हक्कांच्या नोंदी) आणि मालगुजारांच्या वहिवाटीच्या नोंदी कापडी रुमालांत बांधून तहसिलीच्या फळ्यांवर रचून ठेवलेल्या असत. त्या रुमालांना वाळवी लागे, पावसाळ्यात ओल धरे, आणि क्वचित एखाद्या गरजू माणसाच्या सोयीसाठी एखादे पान गहाळही होई. परंतु वाचता वाचता अकस्मात निळे पडून बंद होण्याचा दोष त्यांच्या ठायी कधी नव्हता.

पुढे १९५१ साली मालगुजारी गेली, १९६४ साली चांद्याचे चंद्रपूर झाले, २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याच जिल्ह्याच्या पोटातून गडचिरोली निराळा निघाला, आणि या साऱ्या स्थित्यंतरांतून जे कागद तगले त्यांतील पुष्कळसे गेल्या पाव शतकात संगणकाच्या स्वाधीन झाले. वनहक्क कायदा २००६ साली संमत झाल्यावर तर या जुन्या निस्तार-पत्रकांना नव्याने पुराव्याचे मोल आले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावरचा सामूहिक हक्क मिळाला, २०११ साली बांबूच्या वाहतूक-परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, आणि त्यामागोमाग या टापूतील अनेक ग्रामसभा तेंदूपाने व बांबू यांचा व्यवहार स्वतः पाहू लागल्या. दाव्यांच्या प्रती, सीमांचे नकाशे, मजुरीच्या याद्या, बँकेची पत्रे, हा सारा ऐवज आज कोठल्या तरी खोलीत, पत्र्याच्या छपराखाली, एका जुन्या संगणकात असतो. आणि त्या संगणकाला चंद्रपूरपासून कोरचीपर्यंत सगळे लोक, त्याच्या पोटात काय आहे याची फिकीर न करता, ‘सीपीयू’ म्हणतात.

अरण्याचे दप्तरही याच वाटेने गेले. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोबात पूर्वी वाघाचा माग मातीवरच्या पंज्यावरून काढीत. आता झाडाला बांधलेला कॅमेरा तो काढतो. २०१८ सालच्या देशव्यापी व्याघ्रगणनेत अशा कॅमेऱ्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे टिपली आणि त्यांत वाघाची छायाचित्रे निघाली ७६,६५१. उरलेल्या राशीत बिबटे होते, चितळ-सांबर होते, गुरे आणि गुराखी होते, आणि वाऱ्याने हललेल्या फांद्या तर अगणित. पण त्या फांद्याही कोठेतरी साठवाव्या लागतात, आणि कोणाला तरी त्या एकेक पाहून बाजूस साराव्या लागतात. ज्याने हे काम संथ चालणाऱ्या संगणकावर केले असेल त्याला नव्या साठवण-यंत्राचा मोह का पडतो, हे निराळे सांगावयास नको.

हा मोह अवाजवी नाही. १९५६ साली आयबीएम कंपनीने जे पहिले चकती-यंत्र बाजारात आणले त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या फिरत असत, वजन टनाच्या वर होते आणि सामावत होती सुमारे पन्नास लाख अक्षरे. त्यानंतरच्या सहा दशकांत चकती तळहातावर मावेल इतकी लहान झाली, धारणशक्ती लाखो पटींनी वाढली, परंतु मूळ व्यवस्था तीच राहिली: तबकडी फिरणार, आणि मजकूर वाचणारा हात योग्य जागी पोहोचेपर्यंत बाकी सर्व वाट पाहणार. ही वाट दर खेपेस एका सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याएवढी असते, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो खेपा होतात. जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश स्मृतीचा जो शोध लावला आणि जिचा नँड नावाचा प्रकार १९८७ साली प्रसिद्ध झाला, त्या स्मृतीवर बांधलेल्या एसएसडीत फिरणारे काहीच नाही. तिला हवा तो मजकूर हुडकण्यास त्या वेळेचा शंभरावा भाग पुरतो. साध्या साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला ५५० मेगाबाइटांच्या आसपास वाचते, आणि एनव्हीएमई जातीची, च्युइंगमच्या पट्टीएवढी दिसणारी, तिसऱ्या पिढीतलीसुद्धा ३,५०० पर्यंत जाते. दहा वर्षांपूर्वीच्या संगणकात हा एक भाग बदलला की तो नव्याने जन्मल्यासारखा वागू लागतो, हे विधान जाहिरातीचे असूनही खरे आहे.

आणि मग काही दिवसांनी, काही ठिकाणी, तक्रार येते. “एसएसडी टाकली अन् तेव्हापासून बंद पडते जी. बंद पडते, अन् मंग आपलं आपणच चालू होते.” कोणी सांगतो पडदा निळा होतो, कोणी सांगतो नुसता गोठतो, कोणी म्हणतो पेटी चालू राहते पण समोर काही दिसत नाही. (हा प्रसिद्ध निळा पडदा मायक्रोसॉफ्टने २०२५ साली विंडोज ११ मध्ये काळा केला, त्यामुळे रोग कमी झाला असे ऐकिवात नाही.) दुकानदार बहुधा दोनपैकी एक उत्तर देतो: ‘पीस खराब निघाला’ किंवा ‘फॉरमॅट मारून देतो’. दोन्ही उत्तरांत आरोपी आधीच निश्चित झालेला असतो. आपल्या शास्त्रकारांनी अशा तर्काला काकतालीय न्याय असे नाव देऊन ठेवले आहे. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गाठ पडली की आपण कावळ्यावर फिर्याद गुदरतो. येथे अडचण इतकीच की कधी कधी कावळ्याचेही वजन खरोखर असते, आणि म्हणूनच तपास करावा लागतो.

तपासाचा पहिला प्रश्न असा की, नवा भाग बसविताना आणखी काय काय हालले. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर या कोळशाच्या पट्ट्यातील कोणतीही पेटी उघडा, आत काळसर भुकटीचा थर सापडतो. झाकण काढताना तो थर उडतो आणि जेथे जाऊ नये तेथे जाऊन बसतो. एसएसडी बसविणाऱ्याचे मनगट रॅमच्या पट्टीला लागते; वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बसलेली पट्टी केसभर हालते, आणि नंतर तासाभराने एखादी अक्षरशृंखला चुकीची वाचली जाऊन सारे कोसळते. येथील जुने कारागीर अशा वेळी रॅम काढून तिचे सोनेरी दात शाळकरी रबराने घासतात आणि पुन्हा बसवितात. शहरातील शिकलेली मंडळी या प्रकाराला हसतात; परंतु दातांवरचा मळीचा थर निघणे आणि पट्टी नव्याने नीट दाबली जाणे, ही दोन्ही कामे त्यातून होतात, आणि पुष्कळदा एवढ्यानेच नव्या एसएसडीवरचा आळ टळतो. त्यानंतरही संशय राहिलाच, तर मेमटेस्ट नावाचा कार्यक्रम रात्रभर चालवून रॅमची जबानी घ्यावी. त्यात एकही चूक निघाली, तरी एसएसडीकडे वळण्याचे कारण उरत नाही.

दुसरा साक्षीदार केबल. जुन्या चकतीची साटा केबल दहा वर्षे वाकून, तापून, कडक झालेली असते. संथ चकतीशी तिचे जमत होते. नव्या वेगाला तिची तयारी नसते. सुदैवाने ही लबाडी लपत नाही, कारण प्रत्येक ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीची एक नोंदवही ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात, आणि फुकट मिळणाऱ्या साध्या कार्यक्रमांनी ती वाचता येते. त्या वहीतील १९९ क्रमांकाचे कलम वाटेत बिघडलेल्या मजकुराची मोजदाद करते. हा आकडा आज जितका आहे त्याहून उद्या अधिक दिसला, तर ड्राइव्ह बहुधा निर्दोष आणि केबल दोषी. शे-सव्वाशे रुपयांत इन्साफ होतो.

तिसरा साक्षीदार विंडोजची आपली रोजनिशी, तिला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. तिच्यात ४१ क्रमांकाची नोंद लोकांना फार भिवविते. वास्तविक तिचा आशय इतकाच की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. तो का बंद पडला, हे ती सांगत नाही. वीज गेली तरी ती उमटते, आणि कोणी बटन दाबून ठेवले तरी उमटते. तिच्या आधीच्या दोन-चार मिनिटांत काय लिहिले आहे तिकडे पाहावे. १२९ क्रमांकाची नोंद असेल, तर ड्राइव्हने वेळेत उत्तर दिले नाही म्हणून तिच्याशी असलेली वाट मोडून पुन्हा घालावी लागली असा अर्थ. ७ क्रमांकाची असेल, तर खराब जागेची तक्रार. आणि काहीच नसेल तर? येथे नवखे लोक निराश होतात, पण तपासाच्या दृष्टीने हेच मौन फार बोलके आहे. पडदा निळा होताना विंडोज मरणापूर्वीचा जबाब लिहून ठेवू पाहते, आणि तो लिहावयाचा असतो ड्राइव्हवरच. ड्राइव्हच मध्येच नाहीशी झाली असेल तर जबाब कोठे लिहिणार? पडद्यावरची टक्केवारी शून्यावर अडकते, रोजनिशीत त्या वेळचे पान कोरे राहते. म्हणून सविस्तर जबाब मागे ठेवून कोसळणारा संगणक बहुधा रॅमकडे किंवा एखाद्या ड्रायव्हरकडे बोट दाखवितो, आणि अक्षर न लिहिता कोसळणारा संगणक ड्राइव्हकडे, तिच्या जोडणीकडे किंवा विजेकडे.

या ठिकाणी गडचिरोलीच्या उत्तर भागातील एका सेवा केंद्राची हकीगत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दामच देत नाही. केंद्रातील संगणक जुना, चकतीचा, इतका मंद की सातबाराचा उतारा निघेपर्यंत माणूस चहा घेऊन येई. केंद्र चालविणाऱ्या ताईंनी तो ब्रह्मपुरीच्या एका दुकानात नेऊन त्यात २४० जीबीची एसएसडी आणि नवी विंडोज घालून आणली. पहिला दिवस स्वर्गीय गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा निळा. पुन्हा सुरू केला, पुन्हा निळा. संगणक एसटीत घालून परत दुकानात. दुकानदाराने आल्या आल्या फॉरमॅट मारली, आणि मग दुकानात तो दिवसभर आणि दुसऱ्या दिवशीही बिनतक्रार चालला. परत गावी आणला, आणि सकाळी पुन्हा तेच. असे होता होता प्रकरण शब्दाशब्दीवर आले. “तिथं नेलं का बरोबर चालते जी, अन् इथं आणलं का सकाळी निळं. आमी खोटं सांगतो असं वाटते दुकानदाराले.” दुकानदाराने अखेर एसएसडी बदलून दिली. नवी एसएसडीही गावी आल्यावर तशीच वागली. एवढ्यावरून, एसएसडी दोषी नाही असा निष्कर्ष निघावयास हवा होता. निघाला तो असा की त्या कंपनीचा सगळा मालच बोगस.

गुंता सोडविला तो ज्यांची हयात रेडिओ आणि टीव्हीच्या दुरुस्तीत गेली अशा एका वयस्क कारागिरांनी, आणि तोही पेटी उघडण्यापूर्वी. त्यांनी विचारले, “रात्री बोर्डाचं बटन बंद करता का बाई?” ताई म्हणाल्या, “वीज कडाडते ना जी, म्हणून पिनच काढून ठेवतो.” दुसरा प्रश्न: “आधी सकाळी तारीख चुकत होती का?” होय, चुकत होती, गेले वर्षभर संगणक रोज सकाळी एखाद्या जुन्या सालच्या जानेवारीत उठत असे, आणि ताई ती तारीख हाताने नीट करून कामाला लागत. हे नित्याचेच असते असे त्यांना वाटे.

मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते. सीआर २०३२ हे तिचे नाव, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. पेटीला बाहेरून वीज मिळत नसते तेव्हा संगणक सुरू करणाऱ्या बायोसचे घड्याळ आणि तेथील निवडी याच बॅटरीच्या जिवावर तग धरतात. ती संपत आली होती: प्रवासाचे तास-दोन तास तग धरी, रात्रभर नाही. जुनी चकती आणि जुनी विंडोज बायोसच्या मूळच्या, आयडीई नावाच्या पद्धतीने बसविलेल्या होत्या, म्हणून पिन काढल्यावर निवडी पुसल्या गेल्या तरी बायोस फिरून त्याच पद्धतीवर येई आणि तारखेखेरीज काही बिघडत नसे. दुकानदाराने, आणि हे त्याने योग्यच केले, एसएसडीसाठी एएचसीआय ही नवी पद्धत निवडून त्यावर विंडोज बसविली. दुकानात भिंतीवरचे बटन कधी बंद होत नाही. तेथे निवड टिकली. गावी रात्री पिन निघाली की निवड पुसली जाई, सकाळी बायोस जुन्या पद्धतीने ड्राइव्हशी बोलू लागे, आणि नव्या पद्धतीवर वाढलेली विंडोज आपली सुरुवातीची जागाच सापडत नाही म्हणून निळी पडे. दोन्ही पक्ष खरे बोलत होते. एसएसडीने फक्त वर्षभराचा एक जुना दोष उघडकीस आणला, आणि चाळीस-पन्नास रुपयांच्या बॅटरीने निकाल लागला.

मला या हकीगतीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पहिला प्रश्न. दोष केव्हा होतो, हे ज्याने विचारले त्याचे अर्धे काम झाले. दोष कशात आहे, हे आधी विचारणारा सुटे भाग बदलीत बसतो. सकाळीच होतो की तापल्यावर? मोठी फाइल लिहिताना की काहीच न करता पडून असताना? यांतील शेवटचा प्रकार विशेष फसवा. संगणक काम करीत असताना ठणठणीत आणि दहा मिनिटे मोकळा सोडला की गोठलेला, असे असेल तर वीज वाचविण्याच्या व्यवस्थेकडे पाहावे. एनव्हीएमई ड्राइव्ह काम नसले की टप्प्याटप्प्याने झोपी जाते. काही ड्राइव्हना त्या झोपेतून वेळेवर जाग येत नाही. २०१७ साली लिनक्सच्या ४.११ या आवृत्तीने ही निद्रा सरसकट चालू केली तेव्हा काही लॅपटॉपांवर हाच अनुभव आला, आणि ठरावीक ड्राइव्हना गाढ झोपेची मनाई करणारी अपवादांची यादी तयार करावी लागली. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्सच्या पोटात पीसीआय एक्सप्रेसची वीजबचत बंद करून दोन दिवस पाहणे, ही फुकटातली चाचणी आहे. त्याचप्रमाणे जुन्या चकतीची जशीच्या तशी नक्कल नव्या ड्राइव्हवर उतरविली असेल, तर जुन्या विंडोजचे दहा वर्षांचे पापपुण्यही तीत उतरलेले असते. कागदपत्रे बाजूला काढून विंडोज कोरी बसवावी, यात येथील दुकानदारांचे ‘फॉरमॅट मारून देतो’ हे ब्रीद एरवी टीकापात्र असले तरी अधूनमधून बरोबर ठरते.

आता ड्राइव्ह खरोखर अपराधी असते त्या प्रकरणांकडे वळू, कारण तीही थोडीथोडकी नाहीत. एसएसडी ही वास्तविक एक लहानसा संगणकच आहे. फ्लॅशमध्ये मजकूर पानापानाने लिहिता येतो परंतु पुसावयाचा झाला तर पानांचा अख्खा गठ्ठाच पुसावा लागतो, म्हणून आतला नियंत्रक मजकूर सतत इकडून तिकडे हलवीत राहतो आणि कोणते पान कोठे ठेवले याची एक अनुक्रमणी बाळगतो. हा सारा कारभार ज्या आज्ञावलीने चालतो ती फर्मवेअर, आणि मनुष्याने लिहिलेली असल्याने तीत चुका असतात. क्रुशियल कंपनीच्या एम-४ या ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये असा दोष होता की एकूण ५,१८४ तास चालून झाल्यावर ती दर तासाला संगणक बंद पाडी. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने सुधारित फर्मवेअर दिले. यातील हिशेब उद्बोधक आहे. अहोरात्र चालणाऱ्या यंत्रात हे तास २१६ दिवसांत भरतात, रोज आठ तास चालणाऱ्या कचेरीतील यंत्रात ६४८ कामाच्या दिवसांनी. म्हणजे एकाच दिवशी विकत घेतलेल्या दोन ड्राइव्हपैकी एक सात महिन्यांत बिघडावी आणि दुसरी दोन वर्षे धडधाकट राहावी, आणि त्यावरून लोकांनी एकीला बरी व दुसरीला वाईट ठरवावे. एचपीईने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केलेला दोष याहून भयंकर होता: सर्व्हरमधील काही एसएसडी ३२,७६८ तास पुरे होताच कायमच्या निकामी होत, मजकुरासह. सोळा बिटांच्या धन-ऋण गणतीत मावणारा सर्वांत मोठा आकडा ३२,७६७ आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला अधिक सांगणे नको. एकाच दिवशी बसविलेल्या सगळ्या ड्राइव्ह एकाच तासाला जाणार, म्हणजे एकीची प्रत दुसरीवर ठेवून उपयोग काय!

दोन शहाणे एकत्र आले की भांडण कसे होते, याचा दाखला ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला. स्वस्त एनव्हीएमई ड्राइव्हमध्ये अनुक्रमणी ठेवण्यासाठी स्वतःची स्मृती नसते. अशी ड्राइव्ह संगणकाच्या रॅममधील थोडी जागा उसनी मागते. विंडोज तोवर ६४ मेगाबाइटांहून अधिक देत नसे. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती उदार झाली आणि वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० व एसएन५८० या जातींच्या काही ड्राइव्हना त्यांनी मागितलेले २०० मेगाबाइट देऊ लागली. आणि मागितले तेवढे मिळाल्याबरोबर त्या ड्राइव्ह कोसळू लागल्या. मागणी होती, पुरवठा झाला, आणि तो पचविण्याची ताकद फर्मवेअरमध्ये नव्हती. कंपनीने नवे फर्मवेअर काढले, तोवर मायक्रोसॉफ्टने अशा यंत्रांना नवी आवृत्ती देणे तहकूब केले.

उलट बाजूही पाहावी. २०१५ साली अल्गोलिया या शोधसेवा पुरविणाऱ्या कंपनीने आपला मजकूर नष्ट होण्याचे खापर सॅमसंगच्या एसएसडीवर फोडले. जगभर गवगवा झाला. सॅमसंगच्या अभियंत्यांनी चिकाटीने माग काढला तेव्हा चूक लिनक्सच्या गाभ्यात सापडली, आणि कंपनीला आपला निकाल जाहीरपणे फिरवावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये विंडोजच्या एका अद्ययावतीकरणाने मोठ्या फाइली लिहिताना एसएसडी नाहीशा होतात अशी आवई जपानमधून उठली. फायसन या नियंत्रक बनविणाऱ्या कंपनीने ४,५०० तासांहून अधिक चाचण्या घेऊनही दोष दिसला नाही असे कळविले, मायक्रोसॉफ्टनेही संबंध आढळला नसल्याचे सांगितले. एवढी साधने हाताशी असणाऱ्यांची ही अवस्था. मग ब्रह्मपुरीच्या दुकानदाराने पहिल्याच फटक्यात ‘पीस खराब’ म्हटले तर त्याला फार दोष देता येत नाही.

परंतु आपल्या टापूचे म्हणून काही विशेष आहेत, आणि ते कोणत्याही कंपनीच्या पत्रकात सापडणार नाहीत. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर चढणे ही बातमी राहिलेली नाही. पत्र्याखालच्या खोलीत पेटीच्या आतील हवा त्याहून तप्त असते, आणि वेगवान एनव्हीएमई ड्राइव्ह ७०-८० अंशांच्या सुमारास जिवाच्या आकांताने स्वतःचा वेग उतरविते. ती कोसळते असे नाही. पण वापरणाऱ्याला संगणक गोठल्याचा भास होतो, आणि उन्हाळ्यात दुपारीच होणाऱ्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा एवढेच असते. माझे स्पष्ट मत असे की या जिल्ह्यांतील जुन्या पेट्यांत साटाची साधी, कमी तापणारी ड्राइव्हच घालावी. सातबारा काढण्यासाठी ३,५०० चा वेग कोणालाही लागत नाही.

विजेची गोष्ट अधिक खेदाची. दुर्गापूरजवळ महानिर्मितीचे २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक केंद्र उभे आहे, त्याच्या चिमण्या साऱ्या शहरातून दिसतात, त्याचा प्रकाश मुंबईपर्यंत पोहोचतो. आणि जंगलाच्या कडेच्या गावात सायंकाळी ‘लाइट गेली’ हा उद्गार मात्र चुकत नाही. फिरत्या चकतीपेक्षा एसएसडीला हा आघात निराळ्या प्रकारे बाधतो: अनुक्रमणी बदलत असतानाच वीज गेली, तर मजकूर जागेवर असूनही तो कोठे आहे हे ड्राइव्हला आठवत नाही. सर्व्हरसाठी बनविलेल्या महाग ड्राइव्हमध्ये अशा क्षणी काम उरकण्यापुरती वीज धरून ठेवणारे कॅपॅसिटर असतात; दुकानात मिळणाऱ्या सामान्य ड्राइव्हमध्ये बहुधा नसतात. म्हणून एसएसडीच्या किमतीतून दोनशे रुपये वाचविण्यापेक्षा यूपीएसची मेलेली बॅटरी बदलणे शहाणपणाचे. जुना एसएमपीएसही तपासून घ्यावा. एकाच वेळी पंखा, ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांना वीज पुरविताना त्याचा दाब खाली येतो, आणि मग होणाऱ्या अपघाताला ड्राइव्ह केवळ प्रत्यक्षदर्शी असते.

आणि अंतर. गडचिरोली शहरापासून सिरोंचा दोनशे किलोमीटरांच्या घरात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा संबंध उर्वरित जिल्ह्याशी तुटतो. पुण्यात ज्याला ‘वॉरंटीत बदलून घ्या’ म्हणणे सोपे आहे, त्याला हे सांगावे लागते की भामरागडच्या माणसासाठी वॉरंटी म्हणजे दोन दिवसांचा प्रवास आणि बुडालेली मजुरी. शिवाय ड्राइव्ह बदलून मिळते, तीतला मजकूर मिळत नाही. सरकारी खात्यांनी संगणक-दुरुस्तीचे वार्षिक करार करताना किमतीखेरीज तीन गोष्टी अटींत घालाव्यात असे सुचवावेसे वाटते: बसविलेल्या ड्राइव्हच्या फर्मवेअरची आवृत्ती नोंदविणे, बायोसची बॅटरी बदलणे, आणि जुनी चकती निदान एक महिना न पुसता केंद्रातच ठेवणे. यांतील तिसरी अट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी आहे. नवी एसएसडी कोसळली तरी जुनी चकती जोडून दुसऱ्या दिवशी काम चालते, आणि ती जोडूनही संगणक कोसळला, तर एसएसडी निर्दोष असल्याचा त्याहून मोठा पुरावा कोणता?

एक गोष्ट राहिली. फ्लॅश स्मृतीतील मजकूर हा कोंडून ठेवलेला विद्युत्भार असतो, आणि तो झिरपतो. जेडेक या मानके ठरविणाऱ्या संस्थेची सामान्य ड्राइव्हकडून अपेक्षा इतकीच आहे की लिहिण्याची नेमून दिलेली मर्यादा संपल्यानंतरही, वीज न देता ३० अंश तापमानात ठेवल्यास, तिने एक वर्ष मजकूर सांभाळावा. उष्णता वाढली की ही मुदत झपाट्याने घटते. कमी वापरलेली ड्राइव्ह पुष्कळ अधिक टिकते, तरी आपल्याकडचा मे महिना ३० अंशांचा नसतो. तेव्हा दिवाळीच्या झाडलोटीत कपाटातून एखादी बाजूला ठेवलेली एसएसडी निघाली, आणि तीत ग्रामसभेचे ठराव, वनहक्काच्या दाव्याची प्रत किंवा घरच्या लग्नाची छायाचित्रे असतील, तर ती फडक्याने पुसून परत कपाटात ठेवू नका. संगणकाला जोडा, उघडून पाहा, आणि त्याच दिवशी तिची एक प्रत साध्या फिरत्या चकतीवर काढून दुसऱ्या घरी ठेवा.